साक्षात्कार झाला म्हणायचं की अंगात आलं म्हणायचं?

मधुमालती

गुरुदेव रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावरचा १९३३ चा इंग्रजी ग्रंथ सध्या सावकाश वाचतेय. ग्रंथ जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पाच युगं पाडून प्रत्येकाला एकेक विशेषण दिलंय. ज्ञानदेवांचा साक्षात्कार बौद्धिक, नामदेवांचा लोकशाही वळणाचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा व्यक्तिगत, समर्थांचा कृतिशील. तुकोबांची तगमग तर त्यांनी थेट ख्रिस्ती संतांच्या 'आत्म्याच्या काळरात्री'शेजारी नेऊन बसवलीय.

पण प्रस्तावनेतच एक दार लावून घेतलंय. देवाची थेट, मध्ये कोणी नसलेली, स्वतःला आलेली प्रचीती म्हणजे साक्षात्कार. आणि एकदा हा अर्थ धरला की गूढ, चमत्कारिक प्रकारांशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही, असं ते म्हणतात. म्हणजे तुकोबांच्या स्वप्नात पांडुरंग आला तो साक्षात्कार. आणि माझ्या आत्याच्या नणंदेच्या अंगात मंगळवारी यमाई यायची, तो 'प्रकार'. पहिल्यावर तत्त्वज्ञान विभागात पीएचडी होते. दुसरीकडे फार तर मानववंशशास्त्रवाले बघतात, नाहीतर मानसोपचाराची ओपीडी.

हा भेद अनुभवातच असतो, की अनुभव कोणाला आला ते बघून आपण करतो? मला दुसरं वाटतं. वाचलेलं, पाहिलेलं, दोन्ही लिहा. झोडपायचं असेल तर झोडपा.

टवाळ

सतरंजी अंथरली, भाजलेले शेंगदाणे घेतले. होऊ द्या सुरू.

रोखठोक_आप्पा

भेद अगदी साधा आहे. तुकोबांनी कोणाकडे अकरा लिंबं, काळी कोंबडी आणि एकशे एक रुपये मागितले नाहीत.

आमच्या तालुक्यात मी अंगात येणारे बरेच बघितलेत. समोर इन्स्पेक्टर उभा राहिला की देवी बरोबर निघून जाते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच आलेला नाही. अंगात दैवी शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, धमकावणं हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि तो अध्यादेश निघायला डॉ. दाभोलकरांचा खून व्हावा लागला, हेही विसरू नका. विद्यापीठात बसून 'अनुभवाचा सन्मान' वगैरे करणाऱ्यांना गावातल्या बाईला चेटकीण ठरवून मारतात ते दिसत नाही.

कऱ्हाकाठ

आप्पा, भोंदू आहेतच. पण सगळे नाहीत.

आमच्या घरी लग्नानंतर जागरण असायचं. चौक भरलेला, दिवटी पेटलेली, वाघ्याची दिमडी आणि मुरळीची घाटी. मध्यरात्र उलटली, लय चढली की माझ्या चुलत आजीला वारं यायचं. आधी डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर आपटायला लागायचा. मग अंबाडा सुटायचा. शेजारची बाई काही न बोलता तिच्या हातातल्या बांगड्या वर सरकवून धरायची, फुटू नयेत म्हणून. एरवी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ही बाई त्यांना एकेरीत, नाव घेऊन हाक मारायची. "दगडू, थोरलीला माहेरी का जाऊ देत न्हाईस?" आणि दगडू, म्हणजे आमचे पणजोबा, हात जोडून "चुकलं देवा" म्हणायचे. दोन दिवसांत थोरली माहेरी.

लिंबू नाही, पैसे नाहीत. सकाळी पाचला उठून ती भाकऱ्या थापत असायची. रात्रीचं विचारलं तर म्हणायची, मला ठावं न्हाई.

रोखठोक_आप्पा

म्हणजे नाटकच की. चांगल्या कामासाठी केलेलं नाटक.

कऱ्हाकाठ

असेल. पण मग तसंच नाटक तुकोबांनी केलं नसेल हे तुम्ही कशावरून म्हणता? मधुमालतीचा प्रश्न तोच आहे.

डॉ_निशिगंध

मी मानसोपचारात आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. 'अंगात येतं म्हणजे आजार' असं आमचं शास्त्र आता म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत संचाराशी जोडलेलं निदान आहे, पण अटी कडक आहेत. ते आपसूक आणि नकोसं असलं पाहिजे, त्या समाजाच्या धार्मिक रीतीत बसणारं नसलं पाहिजे, आणि त्याने त्या माणसाला त्रास व्हायला हवा किंवा त्याचं रोजचं जगणं अडायला हवं. कऱ्हाकाठ यांच्या आजी या व्याख्येत बसत नाहीत. जागरणात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या देवाचं वारं येणं हा आजार नव्हे. तीच बाई एसटीत बसल्या बसल्या घुमायला लागली आणि तिला ते नको असेल, तर आम्ही बघू.

दुसरी. नाटक की खरं, या दोन टोकांमध्ये बरंच काही असतं. दिमडीची लय, जागरण, उपास, सगळ्यांचे डोळे आपल्याकडे, आणि लहानपणापासून 'असं होतं' हे पाहिलेलं. यातून भान खरोखर सुटतं. तरी बाई पेटत्या दिवटीवर पडत नाही. कुठेतरी एक धागा जागा असतोच.

यावर अभ्यासही आहे. आय. एम. लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं की ज्यांना एरवी बोलायची सोय नाही अशांच्या, विशेषतः बायकांच्या, अंगात जास्त येतं. व्हिएडा स्कल्टन्स या संशोधिकेने तर महाराष्ट्रातल्या एका महानुभाव देवळात राहून बघितलं. माणसं घरातल्या आजारी व्यक्तीला घेऊन तिथे मुक्काम करायची. स्कल्टन्स यांना दिसलं ते असं, की घुमायच्या त्या बहुतेक सोबत आलेल्या आई आणि बायका. नवऱ्याचं, मुलाचं दुखणं आपल्या अंगावर यावं म्हणून. १९८७ चा लेख आहे. तो वाचल्यावर माझ्या ओपीडीत पेशंटसोबत येणाऱ्या बायकांकडे मी वेगळं बघायला लागले.

वेंगुर्लेकर

डॉक्टर, लुईससाहेब कोकणात इले नव्हते वाटतं. :-)

आमच्याकडे ह्येका 'अवसर' म्हणतत आणि तो पुरुषांकच येता. दसऱ्याक तरंगां, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, बाहेर पडतत, तरंगकाठी धरलेल्यात वारां भरता आणि तो कौल देता. ही माणसं दबलेली नाहीत, उलट गावाची मानकरी. पाणंदीचा वाद, पाण्याचा वाद, कोणाच्या घरातलो हिस्सो, सगळां तिथे सुटता. पलीकडे गोव्यात त्याला 'भार' म्हणतात. डिचोलीतल्या साळच्या गड्यांच्या जत्रेत रात्रभर डोंगरात फिरणारे गडे पुरुषच. तेव्हा 'बिचाऱ्या बायकांचा दबलेला आवाज' हे घाटावरच्या काही ठिकाणचं खरं असेल. सगळीकडे तीच चावी लावू नका.

डॉ_निशिगंध

मान्य. लुईसने असे दोन प्रकार केलेलेच आहेत, कडेचा संचार आणि मध्यवर्ती संचार. तुमचा तरंगवाला दुसऱ्यात. लोक पहिलाच भाग वाचून सोडतात, मी इथे तेवढाच लिहिला.

न्यूजर्सीचा_नारू

सायन्स काय म्हणतं ते कोणी बघणार का? कॅनडात पर्सिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने एक हेल्मेट केलं होतं. कानशिलाजवळ अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत बसवायचं. बऱ्याच लोकांना 'खोलीत अजून कोणीतरी आहे' असं जाणवलं. विषय संपला.

टवाळ

पुण्यात हेल्मेट न घातल्यावर साक्षात्कार होतो. चौकात, पावतीपुस्तकासह.

प्रश्नचिन्ह

नारू, विषय तिथे सुरू झाला. स्वीडनमध्ये ग्रँक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग नीट करून बघितला, म्हणजे चुंबक चालू की बंद हे ना बसणाऱ्याला माहीत ना बसवणाऱ्याला. चुंबकाने काहीच फरक पडला नाही. ज्यांचा स्वभाव पटकन सूचना घेणारा, त्यांना चुंबक बंद असतानाही 'कोणीतरी' जाणवलं. पर्सिंगरने ते मानलं नाही, वाद चालला. पण 'डोक्यातलं देवाचं बटण' ही गोष्ट वर्तमानपत्रांतच जास्त जगली.

माँट्रियलला २००६ मध्ये बोरेगार आणि पाकेत यांनी कार्मेलाइट पंथाच्या १५ जोगिणींना एमआरआयमध्ये घातलं. जोगिणींनी आधीच सांगितलं की देव आम्ही बोलावल्यावर येत नसतो. मग त्यांना आयुष्यातला सर्वांत उत्कट क्षण आठवायला सांगितला. मेंदूतले बरेच भाग एकदम कामाला लागलेले दिसले, एक ठरावीक जागा नाही. आणि त्यातून कळलं काय? हापूस खातानाही मेंदूत काहीतरी उजळतं. त्यावरून आंबा होता हे सिद्ध होत नाही आणि नव्हता हेही नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्येच याची खिल्ली उडवली होती. सेंट पॉलला फेफरं यायचं म्हणून त्याचं दर्शन बाद, असं म्हणणाऱ्यांना तो म्हणतो, मग नास्तिकाच्या मतामागेही त्याचं यकृत असेल, ते का नाही बाद करत? अनुभव कुठून आला हे सोडा, त्याला फळ काय आलं ते बघा.

रोखठोक_आप्पा

फळ बघा म्हणजेच लिंबं बघा. मी वेगळं काय म्हणालो?

प्रश्नचिन्ह

:-) ते मात्र खरं. जेम्स तुमच्या बाजूचा निघाला.

वाचनवेडी

जेम्सचा विषय निघालाय तर त्याची अर्धी गोष्ट नेहमी गाळली जाते ती सांगते. ज्याने साक्षात्काराच्या चार खुणा लिहिल्या (शब्दांत न मावणारा, काहीतरी कळल्याची खात्री देणारा, थोडा वेळ टिकणारा, आपण केला नसून आपल्याला झाला असं वाटणारा), तोच माणूस बोस्टनमधल्या लिओनोरा पायपर नावाच्या बाईच्या बैठकांना जाऊन बसायचा. तिच्या अंगात मृतांचे आत्मे येत म्हणे. १८८२ मध्ये लंडनला परामानस संशोधनाची सोसायटी निघाली, तिचा तो पुढे अध्यक्षही झाला. म्हणजे सुरुवातीला एकाच टेबलावर स्पेनची जुनी साक्षात्कारी संत तेरेसा आणि पायपरबाई दोघी होत्या. पायपरबाईंना खाली उतरवलं ते नंतरच्या प्राध्यापकांनी. भुताखेतांशी नाव जोडलं गेलं की धर्मशास्त्राचा विभाग बंद पडेल ही भीती.

अलीकडे उलट हालचाल आहे. धर्माचे अमेरिकी अभ्यासक जेफ्री कृपाल म्हणतात की हा टाकून दिलेला माल परत टेबलावर घ्या. अ‍ॅन टेव्हज यांचं म्हणणं मला जास्त पटतं. 'धार्मिक अनुभव' असा वेगळा शिक्का मारलेला अनुभव निसर्गात नसतोच. अनुभव येतात आणि त्यातल्या काहींना माणसं धार्मिक ठरवतात. अभ्यास त्या ठरवण्याचा करा. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सभांत लोक पडायचे, थरथरायचे, ओरडायचे. हा पवित्र आत्मा की वेडाचा झटका, यावर अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षं भांडण झालं. तो इतिहास त्यांनी लिहिलाय. मधुमालती, तुझा प्रश्न डिट्टो.

पखवाज

एवढे परदेशी पाहुणे आले, जरा घरच्यांचंही ऐका.

वारकरी संप्रदायात अंगात येत नाही. वाखरीच्या रिंगणात उभे राहून बघा, लाखोंचा समुदाय, पखवाज घुमतोय, माणसं नाचतायत, रडतायत. पण कोणी 'मी विठ्ठल बोलतोय' असं म्हणत नाही. म्हणाला तर विणेकरी त्याला बाजूला बसवेल. हा भेद रानड्यांनी विद्यापीठात बसून केलेला नाही, संतांनीच केला. 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती' हे कोणाचं? नाथांच्या भारुडातली बाई भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय, तर सासरा, सासू, जाऊ एकेकाचा निकाल लाव. ही नवसा-देवऋषीपणाची थट्टाच आहे.

आणि 'कोणाला अनुभव आला ते बघून भेद करतात' म्हणाल तर चोखोबा, जनाबाई, गोरोबा यांना कोणी बाहेर ठेवलं? जनाबाईचं दळण विठ्ठलाने दळलं, तिला कोणी झाड म्हणालं नाही.

न्यूजर्सीचा_नारू

झाड?

कऱ्हाकाठ

ज्याच्या अंगात देव येतो त्याला झाड म्हणतात. तुम्ही फार लवकर परदेशी गेलात.

मधुमालती

पखवाज, प्रतिसाद आवडला. पण दोन हरकती.

चोखोबांना बाहेर कोणी ठेवलं? पंढरपुरात महाद्वाराबाहेर त्यांची समाधी आहे, तिथेच उत्तर आहे. संत झाल्यावरही.

दुसरं म्हणजे नाथांचं रोडग्याचं भारूड सांगितलंत, 'भूत जबर मोठं गं बाई' गाळलंत. त्या बाईला भूत लागलंय, सगळे उपाय थकलेत, आणि भूत कोण निघतं? सर्वांठायी भरलेला देवच. तुकोबांचाही अभंग आहे, 'पंढरीचें भूत मोठें । आल्या गेल्या झडपी वाटे'. आपल्याला काय झालं हे सांगायला या माणसांना वेदान्तातले शब्द हाताशी होते. तरी त्यांनी शब्द उचलले ते झाडाचे, झपाटल्याचे.

पखवाज

ताई, ते रूपक आहे. 'भूत' म्हटलं म्हणून नाथ देवऋषी होत नाहीत. श्रोत्यांना जे कळतं त्यातून सांगायचं, हीच भारुडाची रीत. बुरगुंडा, विंचू, जोशी, सगळे तसेच.

धारवाडचा_पाहुणा

रूपक आहेच. पण विठ्ठल कोणाच्या मुखातून बोलत नाही असं मात्र नाही.

दसऱ्यानंतर कोल्हापूरजवळ पट्टणकोडोलीला जाऊन या. देऊळ विठ्ठल-बिरदेवाचं, दोघं एकत्र. यात्रेत फरांडेबाबा तलवारीने हेडाम खेळतात आणि मग भाकणूक सांगतात. पाऊस, पीक, रोगराई, राजकारण. वरून भंडारा आणि लोकर इतकी उधळली जाते की समोरचा माणूस दिसत नाही, शर्ट पुढची दिवाळी येईपर्यंत पिवळा. धनगरांना यात विठ्ठल वेगळा आणि संचार वेगळा असं वाटत नाही. गुंथर सोन्थायमर हा जर्मन माणूस आयुष्यभर या लोकांत फिरला. रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ च्या त्यांच्या विठ्ठलावरच्या ग्रंथात हाच धनगरी धागा उलगडलाय. तेव्हा 'वारीत नाही' म्हणा, 'विठ्ठलाकडे नाही' म्हणू नका.

आता गुरुदेवांबद्दल. मी विजापूरकडचा, निंबाळला जाणं-येणं आहे. रानडे काही काठावर बसून लिहिणारे नव्हते. जमखंडीचा मुलगा, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह विद्यार्थीदशेतच झालेला, रोजचं नामस्मरण तासन्‌तास. फर्ग्युसन, मग अलाहाबाद विद्यापीठ, तिथे कुलगुरूपदापर्यंत गेले आणि निवृत्त होऊन निंबाळच्या आश्रमात येऊन राहिले. १९५७ ला तिथेच गेले. त्यांना 'अनुभव' म्हणजे काय हे आतून माहीत होतं. ज्याने कधी गोड खाल्लं नाही त्याने साखरेवर प्रबंध लिहू नये, असा एक पक्ष असतो, ते त्या पक्षाचे. त्यामुळे चमत्कार बाजूला काढण्यामागे तुच्छता नव्हती असं मला वाटतं. त्यांच्या परंपरेत सिद्धी हा वाटेतला अडथळाच. शिवाय १९३० च्या आसपास, इंग्रज वाचकासमोर ज्ञानेश्वरांना प्लेटोच्या पंगतीला बसवायचं आणि त्याच पानावर भिंत चालवायची? जमलं नसतं.

टवाळ

बेलवलकर-रानड्यांच्या त्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासमालेत हा सातवा खंड ना? दुसरा आला, सातवा आला. मधले अंतर्ज्ञानाने वाचायचे.

प्रश्नचिन्ह

धारवाडकर, आतून माहीत असण्याचीच अडचण आहे. ज्याला अनुभव आला तो म्हणणार सगळ्यांना एकच आला. रानडे तेच म्हणतात, सगळ्या काळातले, देशातले साक्षात्कारी एका गावचे रहिवासी. पुढे १९६० मध्ये स्टेस नावाच्या तत्त्ववेत्त्याने याचाच सिद्धांत केला, गाभा एक आणि अर्थ लावणं वेगवेगळं. १९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झने त्याला सुरुंग लावला. म्हणाला, अर्थ नंतर चिकटत नाही, अनुभवच साच्यातून येतो. ज्यू साधकाला ब्रह्म होत नाही, बौद्धाला ख्रिस्त दिसत नाही. तुकोबांना कटीवर कर ठेवलेलाच का दिसला? कारण रात्रंदिवस तोच डोळ्यांपुढे.

आणि इथे गंमत बघा. कॅट्झचं खरं मानलं तर तुकोबांचं दर्शन आणि कऱ्हाकाठच्या आजींचं वारं, दोन्ही शिकलेले, दोन्ही घडवलेले. मधुमालतीचा मुद्दा आपोआप पुढे सरकतो.

पखवाज

आणि 'विठ्ठल जळी स्थळी भरला' म्हणतात तेव्हा? कटी, कर, काही उरत नाही तिथे. तुमचा कॅट्झ अमृतानुभव वाचून आला होता का?

प्रश्नचिन्ह

नसावा. :-) हाच आक्षेप रॉबर्ट फॉरमन वगैरे मंडळींनी १९९० मध्ये घेतला, की काहीच विषय नसलेलं नुसतं भान असतं त्याचं काय? त्यावर अजून भांडतायत.

विदर्भवीर

एवढा धागा झाला आणि नागपूरच्या शारदेचं नावसुद्धा नाही? सत्तरच्या दशकात आमच्याकडची एक उच्चशिक्षित मराठी बाई अचानक बंगाली बोलायला लागली, मराठी कळेना, साडी बंगाली पद्धतीने, नाव सांगे शारदा. अष्टमीच्या आसपास व्हायचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधल्या घराण्याची नावं सांगितली, ती वंशावळीत सापडली. पुनर्जन्माच्या दाव्यांवर काम करणाऱ्या व्हर्जिनियाच्या इयन स्टीव्हन्सनने येऊन अभ्यास केला. याला काय म्हणाल, पुनर्जन्म की अंगात येणं?

रोखठोक_आप्पा

याला म्हणतात अर्धी गोष्ट. तिने शाळकरी वयात थोडं बंगाली वाचायला शिकल्याचं स्टीव्हन्सनच्याच नोंदीत आहे. बंगालीची ओढ आधीपासून होती. अशा प्रकरणांत 'न शिकलेली भाषा' म्हणतात ती कितपत भाषा असते, यावर सारा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी चांगलं झाडलंय.

विदर्भवीर

चार अक्षरं वाचता येणं आणि अस्खलित बोलणं यात फरक आहे हो. मला दहा वर्षं शाळेत इंग्रजी होतं.

टवाळ

आणि अजून संचार झालेला नाही.

विदर्भवीर

वैयक्तिक होऊ नका.

संपादक

शारदा प्रकरणावर वेगळा धागा काढावा. शेवटचे काही प्रतिसाद उडवले आहेत. संबंधित कुटुंबाबद्दल ऐकीव माहिती इथे लिहू नये.

कऱ्हाकाठ

मूळ विषयावर येते. बहिणाबाई शिऊरकर राहिल्या की.

त्यांचं आत्मचरित्र अभंगांत आहे. कोल्हापुरात असताना एका वासराचा लळा लागतो, ते वासरू कीर्तनालाही सोबत. ते मरतं, बहिणाबाईंची शुद्ध हरपते, त्या अवस्थेत विठ्ठल दिसतो, तुकोबा दिसतात. वय बारा-तेराच्या आतबाहेर. पुढे तुकोबांचा अनुग्रहही स्वप्नात. लोक बघायला गर्दी करतात आणि नवरा काय करतो? मारतो. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू केलं म्हणून. शेवटी मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगतात.

आता हीच हकिकत नाव झाकून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आप्पांच्या टेबलावर ठेवा. मग नाव उघडा. लिहिता आलं म्हणून त्या संत झाल्या. माझी आजी अंगठेबहाद्दर होती.

पखवाज

हे जिव्हारी लागलं. पण नुसतं लिहिलं म्हणून नाही. त्या तुकोबांच्या परंपरेत उभ्या राहिल्या, आयुष्यभर. एका रात्रीचं वारं आणि पन्नास वर्षांची निष्ठा यात काहीच फरक नाही असं म्हणू नका. जनाबाईंना तरी कुठे शाळा होती?

कऱ्हाकाठ

आजीनेही चाळीस वर्षं खंडोबाचा रविवार मोडला नाही, दादा.

डॉ_निशिगंध

नाव झाकून ठेवलं तरी मी बहिणाबाईंना आधी विचारीन, घरी कोणी मारतं का.

जाता जाता एक. स्टॅनफर्डच्या तान्या लुर्मन यांनी कानात आवाज येणाऱ्या, स्किझोफ्रेनियाचं निदान झालेल्या माणसांशी तीन ठिकाणी बोलून बघितलं: कॅलिफोर्निया, घानामधलं आक्रा आणि चेन्नई. प्रत्येकी २० माणसं. अमेरिकेतले आवाज बहुतेक अनोळखी, हिंसक, शिव्या देणारे. आक्रात पुष्कळांना देव बोलायचा. चेन्नईत? नातेवाईक. आंघोळ कर, जेव, घर आवर. आजार तोच, पण कोण बोलतं हे गाव ठरवतं.

टवाळ

म्हणजे माझ्या कानात आईचा आवाज येतो तो आजार नाही, चेन्नई आहे.

वेंगुर्लेकर

मधुमालती, तुमच्या त्या आत्याची नणंद हयात आहेत का? आपण सगळे इथे पुस्तकां फेकतोय. त्यांना कोणी विचारलं?

मधुमालती

आहेत. सत्तरी ओलांडलीय, साताऱ्याकडे असतात. आता येत नाही म्हणतात, यमाईने सोडलं. तेच डोक्यात घोळतंय. अ‍ॅलिस्टर हार्डी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये ऑक्सफर्डला एक केंद्र काढलं आणि वर्तमानपत्रांतून साध्या माणसांना आवाहन केलं, रोजच्या 'मी'पेक्षा वेगळ्या शक्तीची जाणीव तुम्हाला कधी झाली असेल तर लिहून कळवा. हजारो पत्रं आली, आता ती वेल्समध्ये जपून ठेवलीत. मराठीत कोणी हाक दिली तर बाया लिहिणार नाहीत, पण सांगतील. दिवाळीत जाणार आहे. काय विचारू?

डॉ_निशिगंध

'खरंच यायची का' हे सोडून काहीही. सुरुवात शरीरात कुठून व्हायची, कोण धरायचं, कोण प्रश्न विचारायचं, कोण विचारू शकायचं नाही. आणि कधी थांबलं, तेव्हा घरात काय चाललं होतं. परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा, नाव बदला.

रोखठोक_आप्पा

लोक काय द्यायचे हेही विचारा. आणि ते कोणाच्या हातात जायचं. बहुतेक वेळा बाईच्या नाही. हा माझा अनुभव आहे, टोमणा नाही.

वाचनवेडी

कधी खोटं खोटं आणलं का, हे शेवटच्या दिवशी विचार. हसून सांगतील बहुतेक. माझ्या मावशीने सांगितलं होतं.

पखवाज

आल्यावर इथे लिहा. मी मत बदलणार नाही, पण वाचेन.

वेंगुर्लेकर

रेकॉर्डर पहिल्याच दिवशी बाहेर काढू नका. आधी देवीसमोर गाऱ्हाणं घाला, त्यांच्याकडूनच घालून घ्या. मगे बघा कशी घडाघडा बोलतत ती.

मधुमालती

नारळ एक न्यायचा की दोन?

वेंगुर्लेकर

दोन. एक देवीक, एक तुमका सोलकढीक.